एका मशीनवर दोघीजणी

लुधियान्यात कुणी चीनचं नाव काढावं आणि लाला विपनकुमारांनी गप्प बसावं, हे शक्यच नव्हतं. "चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ते आणि आपण एकाच पंगतीत बसलेलो," स्वेटरच्या ढिगापाशी उभं राहून ते सुरू व्हायचे. "आज ते जेवून हात धुऊन मोकळे, आणि आपण अजून ताट शोधतोय! का? तिकडे बायका मशीन चालवतात, बायका!"

आणि यांच्या कारखान्यात? विणायच्या मशीनला बाईचा हात म्हणून लागायचा नाही. मशीन पुरुषांचं. बायकांनी खाली चटईवर बसायचं, दोरे कापायचे, बटणं लावायची. रछपाल कौर नवरा गेल्यापासून हेच करत होती. मशीनकडे बघायची आणि मनात म्हणायची, एकदा हातात तर द्या, मग दाखवते.

तशी वेळ आलीच. चीनहून नवी मशीनं उतरली, ती नेमकी छठपूजेच्या तोंडावर. मशीन चालवणारे सगळे बिहारचे, ते मुख्य कारागीर रामआसरेसकट सणाला गावी पळालेले. मशीनबरोबर शिकवायला आलेली चिनी बाई मेइलान रिकाम्या कारखान्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिच्या फोनमधली भाषांतर करणारी बाई हिंदीत बोलली, "शिकवू कुणाला? भिंतींना?"

रछपालनं कात्री खाली ठेवली, चुन्नी कमरेला खोचली. "मला शिकवा."

लालाजी हसले. "शीक बाई. माणसं परत येईपर्यंत शीक."

शिकली! सुया मोडल्या, बोलणी खाल्ली. पहिल्या स्वेटरची एक बाही गुडघ्यापर्यंत आली, तेव्हा चटईवर शेजारी बसणारी परमो म्हणाली, "हा कुणाला गं? हत्तीला?" रछपालनं तो उसवला आणि पुन्हा विणला. हळूहळू मशीन तिचं ऐकायला लागलं. परमोही चहाच्या सुट्टीत मागे उभी राहून सगळं टिपत होती.

लालाजी खूश झाले, आणि तिथेच घोडं अडलं. "मशीन तुला देतो," ते म्हणाले, "पण चीनसारखं काम हवं. सकाळपासून रात्रीपर्यंत. दुपारी पोरीला आणायला शाळेत पळायचं बंद. तिला आजोळी ठेव. नाही जमत? मग रामआसरे येतोच आहे. आणि मेइलानजी, तुम्हीही आणखी महिनाभर राहा, दुप्पट देतो." मेइलाननं मान डोलावली.

रछपालला घास गोड लागेना. तिची मुलगी नवरीत सात वर्षांची. आजोळ जगरांवजवळ, दूध-तूप भरपूर, पोर सुखात राहिली असती. पण सकाळी तिची वेणी कोण घालणार? आणि मशीन सोडलं तर पुन्हा ती चटई, जन्मभर.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिनं मेइलानला विचारलं, "तुमची मुलं?"

मेइलाननं एका मुलीचा फोटो दाखवला. मग फोनमधली बाई हवामान सांगावं तशा आवाजात बोलत राहिली. "वर्षाची होती तेव्हा गावी आजीपाशी ठेवली. पुढे आणावं म्हटलं, तर आम्ही बाहेरगावचे, शहरातल्या शाळेत तिला जागा मिळेना. वर्षातून एकदा, नव्या वर्षाला जायचे. एकदा दारात उभी राहिले, तर पोर आजीला ओरडून म्हणाली, कुणी मावशी आल्यात. आता पंधरा वर्षांची आहे. तिथेच."

रछपालचा चहा तसाच राहिला. ती उठली, परमोचा दंड धरला आणि थेट लालाजींसमोर.

"मशीन आम्हा दोघींना द्या. दुपारपर्यंत मी, पुढे ही. हिच्या घरी सासू आहे, संध्याकाळ ती सांभाळेल."

"एका मशीनला एक माणूस! माल बिघडला तर दंड कुणाला?"

"दोघींना."

"अगं, चीनमध्ये असं—"

"चीन, चीन! रोज उठून त्यांची आरती ओवाळता लालाजी, पण तिथल्या बाईला कधी विचारलंत, तुझं कसं चाललंय म्हणून? ही बसलीय समोर. विचारा!"

परमोनं भीतीनं डोळे मिटले. मेइलाननं फोटो टेबलावर ठेवला, आणि फोन सकाळचं सगळं पुन्हा बोलला. लालाजींचा नातू कॅनडात. तोही त्यांना फोनच्या पडद्यावरच ओळखतो. त्यांनी फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला.

"रामआसरेला दुसरं मशीन देऊ," शेवटी ते म्हणाले. "माल बिघडला तर बघा हं!"

"नाही बिघडत," रछपाल म्हणाली.

दुपारी तिनं चालतं मशीन परमोच्या हाती दिलं आणि शाळेकडे निघाली. मेइलानही पाठोपाठ आली. फाटक उघडलं, नवरीत "मम्मी" करत धावत येऊन आईला बिलगली. मग पाहुणी दिसताच, घरच्या वळणाप्रमाणे तिनं दोन्ही हात जोडले.

"सत श्री अकाल, मावशी!"

मेइलाननं फोन पुढे केला. फोननं तिच्या भाषेत 'मावशी' म्हटलं, आणि तिचा चेहरा उतरला.

रछपालनं तिचा हात घट्ट धरला. "तुम्ही घरी जा, लेकीपाशी," ती म्हणाली. "लालाजी राहा म्हणाले तरी राहू नका. मशीन आम्ही बघतो."