लोडापुरती इस्त्री

दर रविवारी सकाळी नऊ वाजता सुभेदार स्वतःचे आठवड्याचे शर्ट घेऊन आमच्या कोरेगावच्या घरी इस्त्रीला यायचे. फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आमचे शेजारी. माझ्या नवऱ्याची फुप्फुसं निकामी होत गेली, घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. वीज गेली तर म्हणून मी छोटा पेट्रोल जनरेटर घेतला. त्याचा ताबा सुभेदारांनी न विचारता घेतला.

इंजिनातलं तेल मोजायची काडी पुसून, पुन्हा बुडवून बघायची. मशीन दारा-खिडक्यांपासून वीस पावलं लांब, धुराचं तोंड रस्त्याकडे. मग वायर जोडून इस्त्री.

"रिकामं फिरवून काय कळतंय? लोड घेतंय का बघाय पायजे. पेट्रोल जळतंयच, तर माझी कापडं तरी हुंद्या, वहिनी."

वीज असताना हा खटाटोप मला पटत नसे. तसं मी त्यांना सांगितलंही होतं.

एका दुपारी वादळी पावसात वीज गेली. मशीन भिजेल म्हणून मी ते ओसरीवर ओढून सुरू केलं. हे आत खिडकीपाशी झोपलेले. आवाज ऐकून सुभेदार भिजत आले आणि त्यांनी सरळ बटण बंद केलं. आत ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं.

"आवो, ते मरतील," मी म्हणाले.

"ह्या धुरानं दोघंबी मराल. विषारी वायूला वास न्हाई, नुसती झोप लागंल. दारंखिडक्या उघडा, सिलिंडर जोडा."

राखीव सिलिंडर जेमतेम वीस मिनिटांचा. त्यांनी मशीन अंगणात विटांवर ठेवलं, वर पत्रा टाकला, बाजू मोकळ्या ठेवल्या. वायरला हात लावण्याआधी माझ्याकडून कोरडा टॉवेल मागून हात पुसले, वायर जोडून मशीन परत सुरू केलं. मग वीज येईपर्यंत पत्रा धरून पावसात उभे राहिले.

हे त्यानंतर चार महिने जगले. तेराव्यानंतरच्या रविवारी नऊ वाजता सुभेदार शर्ट घेऊन दारात.

"आता कुणासाठी?"

"पडून राह्यलं तर कार्बोरेटर चोंदंल," ते म्हणाले आणि काडी पुसायला लागले.

या जानेवारीत सुभेदार गेले. हार्टअटॅक. आदल्या रविवारी त्यांचा एक पांढरा शर्ट माझ्याकडे राहिला होता. सांगलीला त्यांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "ठेवा तुमच्याकडंच."

रविवारी मी तेल बघते, वीस पावलं मोजते, मशीन सुरू करायची दोरी ओढते. लोड द्यावा लागतो. माझ्या साड्या इस्त्रीच्या नाहीत. तो शर्ट करते, घडी घालते. पुढच्या रविवारी घडी मोडून परत तोच.