डोंगरावरचं डोंगरावरच

आम्ही देवळीची माणसं, कापसाच्या सपाट मुलखात वाढलेली. चढण म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं माळ्यावर जायची शिडी यायची, तीही डबे काढण्यापुरती. अशा घरात माझ्या सासूबाईंनी देवाला शब्द दिला तो थेट डोंगरावरचा.

माझं पहिलं बाळंतपण वर्ध्याच्या दवाखान्यात फार अडलं होतं. तेव्हा व्हरांड्यात बसल्या बसल्या त्या बोलून गेल्या की सून धड घरी आली तर आष्टीकडच्या डोंगरावर, महादेवाला, मी माझ्या पायांनी चढून जाईन, सव्वा पायली कणकेच्या गोळ्यांचे रोडगे वरच गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजीन आणि लोकांना जेवू घालीन. त्या देवाची एक रीत होती: त्याच्या नावाचं जे अन्न, ते डोंगरावरच संपलं पाहिजे. त्यातला तुकडाही खाली आणायचा नाही. आणला तर नवस फुकट.

मी घरी आले, मुलगीही आली. नवस राहिला. एका साली कापसाचा हंगाम आडवा आला, एका साली नणंदेचं लग्न, मग सासूबाईंचा गुडघा. अशी चार वर्षं गेली आणि तेवढा काळ मी देवाकडून उसनी आणलेली वस्तू होते. विहिरीवर वाकायचं नाही, पावसात भिजायचं नाही. माहेर माझं जामजवळ. तिथं सकाळच्या एसटीनं जायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं मुकाट्यानं परत यायचं. दूध नासलं, सायकल पंक्चर झाली, मुलीला गोवर आला, सगळ्याला कारण एकच, नवस अंगावर आहे. मी आतल्या आत धुसफुसायची. आईकडे चार दिवस राहावं एवढंच माझं मागणं, आणि त्याच्या आड एक आख्खा डोंगर.

शेवटी मार्गशीर्षातला एक सोमवार ठरला. आमचं किराण्याचं दुकान. गिऱ्हाइकाला माप घालून झालं की वरून मूठभर टाकायची, ही सासूबाईंच्या हाताची जुनी सवय. देवाला चार वर्षं ताटकळत ठेवलं म्हणून त्यांनी गव्हाच्या प्रत्येक मापावर मूठ नाही, चांगली ओंजळ टाकली. शिवाय महादेवाच्या नावानं एकदा मोजलं की ते सगळं महादेवाचं, हा हिशेब त्यांनी स्वतःच सांगितला. वर गल्लीभर आवतण दिलं. मुलीला सासऱ्यांजवळ ठेवून आम्ही पहाटे निघालो तेव्हा मेटाडोरमध्ये माणसांच्या आधी कणीक, वांगी आणि गोवऱ्या बसल्या होत्या.

पायथ्याच्या गावात एक वाटाड्या सांगून ठेवला होता. आडव्या बांध्याचा, खांद्यावर कुऱ्हाड, आणि जंगल त्याच्या वडिलांनी लावलं असावं असा रुबाब. त्यानं पहिला हुकूम सोडला की चढताना कुणी बोलायचं नाही, दम जातो. मग तो स्वतः जे बोलायला लागला ते वरपर्यंत थांबला नाही. प्रत्येक वळणावर त्याला पूर्वी एक अस्वल भेटलेलं होतं आणि दर वळणाला ते अस्वल वाढत होतं. अजून किती राहिलं विचारलं की म्हणायचा, हे काय, आलंच. पहिली टेकडी धापा टाकत चढलो तेव्हा कळलं की डोंगर तिच्या मागं आहे.

तिथून आमची माणसं गळायला लागली. शेजारच्या काकू आणि त्यांच्याबरोबरच्या बायका एका मोहाच्या झाडाखाली बसल्या त्या बसल्याच. इथूनच हात जोडते, देवाला काय दिसत नाही का, असं काकू म्हणाल्या. आमचे नवे जावई चकचकीत बूट घालून आले होते. ते अर्ध्या वाटेवर एका सपाट खडकावर आडवे झाले आणि म्हणाले, मी इथं सामानाकडे पाहतो. सामान सगळं पुढं गेलेलं होतं.

सासूबाई मात्र चढत होत्या. हात कुणाचा धरायचा नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. गुडघा बोलायला लागला की त्या वाटेवरच बसायच्या, पदरानं तोंड पुसायच्या, पुन्हा उठायच्या. माझ्या नवऱ्यानं एकदा सुचवून पाहिलं की वाटाड्या पाठीवर घेईल. त्यावर त्यांनी पदर कमरेला खोचला, आणि आमच्या घरात ते फार वाईट लक्षण समजलं जातं.

वर पोचलो तेव्हा वारा असा होता की पदर हातात धरावा लागला. दगडांचा एक ओटा, त्यावर पिंड आणि गंजलेले त्रिशूळ. खाली आमचा सगळा सपाट मुलूख पसरलेला, सागाची रानं संपून कापसाची शेतं सुरू झालेली. मी आयुष्यात पहिल्यांदा जमीन एवढी वरून पाहिली. मला इतका आनंद झाला की मी उगाच हसत सुटले.

रोडगे भाजून झाले, निखाऱ्यातून काढून तुपात बुडवले, वरण आणि वांग्याची भाजी झाली, नैवेद्य दाखवला. मग पंगत बसली आणि सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की रोडग्यांची रास गल्लीची आहे आणि पंगत एका घराची.

भरवसा होता तो वाटाड्यावर. त्याच्या बांध्याकडे पाहून नवऱ्यानं मनातल्या मनात अर्धी टोपली त्याच्या नावावर केली होती. त्यानं नम्रपणे हात जोडले. "माहा सोमवार हाय. दिवस बुडाल्याशिवाय काई खात नाई मी."

महादेवाचा वार म्हणून सोमवार आम्हीच निवडला होता, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती. आम्ही खाल्लं. आधी चवीनं, मग जिद्दीनं, मग नुसतं कर्तव्य म्हणून. सकाळभर आमच्या टोपल्यांवर डोळा ठेवणारी वानरं गरजेच्या वेळी एकही हजर नव्हती. सासूबाई कमरेवर हात ठेवून वाढत होत्या, नाही म्हणणाऱ्याच्या पानात दोन जास्त. तरी टोपली निम्मी भरलेलीच होती. नवरा हळूच म्हणाला की उरलेले इथंच खड्डा करून पुरून टाकू.

सासूबाईंनी ते ऐकलं. "पुरलं मंजे संपलं काय?" एवढंच म्हणून त्या चुलीजवळ बसल्या. डोळे भरून आले होते. "माहा नवस अर्धाच राह्यला," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. चार वर्षं मी त्या नवसाला नावं ठेवत होते, पण त्या क्षणी मला माहेर आठवलं नाही. हिचं हे पार पडू दे, एवढंच वाटलं.

वाटाड्या चुलीजवळ येऊन उकिडवा बसला. आता त्यानं विचारलं, "आई, डोंगर कुठून लागते?"

सासूबाईंनी डोळे पुसून त्याच्याकडे पाहिलं.

"खालच्या नाल्यापासून लागते. नाल्याच्या अलीकडं सारा महादेवच. हे तं नुसतं त्याचं डोकं हाय."

सासूबाईंमधली दुकानदारीण जागी झाली. नाल्याच्या काठापर्यंत नक्की का, असं त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. काठापर्यंत, पाण्यात पाय टाकला की सुटला, असं त्यानं देवाच्या वतीनं कबूल केलं.

मग आमची उतरण म्हणजे चालती पंगत झाली. जावई खडकावर घोरत होते. त्यांना उठवून पानावर बसवलं, आणि नव्या जावयाला सासूच्या हाताला नाही म्हणता येत नाही, हा जुना कायदा त्या दिवशी फार कामी आला. काकू आणि त्यांच्या मैत्रिणी मोहाखाली भुकेनं व्याकूळ झाल्या होत्या. त्यांना वाटलं आम्ही केवळ मायेपोटी त्यांच्यासाठी अन्न राखलं. वाटेत मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बाया भेटल्या, त्यांनाही बसवलं. नाल्याशी आलो तेव्हा दिवस बुडाला आणि वाटाड्यानं आपला सोमवार सोडला. तो जेवला ते पाहून सगळ्या अस्वलांवर माझा विश्वास बसला.

शेवटी टोपलीत एक रोडगा उरला. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. कुणाच्याच पोटात तिळाएवढी जागा नव्हती. मी मन घट्ट करून हात पुढं केला, तर सासूबाई म्हणाल्या, "इकडं आण तो."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. नवस बोलणाऱ्यानं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं असतं. पहाटेपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि कुणाच्या पोटात किती जाईल याचा दिवसभर हिशेब करताना आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

त्या काठावरच्या दगडावर बसल्या. वरण संपलेलं, तूप संपलेलं, रोडगा गार आणि टणक. मी म्हटलं, आत्याबाई, अर्धा मला द्या, तुम्हाला ठसका लागेल. त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली.

"हा माहा हाय," त्या म्हणाल्या. "चार वर्सापासून भुकी हाव मी."

तळहातावरचा चुरासुद्धा त्यांनी खाल्ला. मग लुगडं सावरून नाल्यात उतरल्या, पलीकडं गेल्या आणि तिथल्या पाण्यात हात धुतले. मी मागोमाग पोचले तेव्हा हात पुसत म्हणाल्या, "आता जाय तू माहेरी. मनात येईन तवा येजो."

ज्या परवानगीसाठी मी चार वर्षं तोंड फुगवून होते ती अशी मिळाली, आणि मला एकाएकी पोरकं वाटायला लागलं. आता माझ्यासाठी कुणाचं काही अडलेलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. नवस फिटला होता, त्यामुळे त्यांनी तो धरू दिला.