धोट्याची उतरण

नातवाच्या स्केटबोर्डसाठी जावई गॅलरीत लाकडी रॅम्प बनवत होता. ताज्या भुशाचा वास आला आणि मी थेट लालबागच्या आमच्या खोलीत पोहोचले.

गिरण्यांचा संप चालू होता, बाबा घरीच होते. माझी बेअरिंगच्या चाकांची गाडी उंबऱ्यावर अडायची, म्हणून ते फळीची उतरण करत होते. फळीखाली टेकू हवा होता. बाबांनी देव्हाऱ्याशेजारचा धोटा उचलला. मागावर सूत पळवणारा तो लाकडी धोटा आम्ही दर दसऱ्याला पुजायचो, चुकून पाय लागला तर नमस्कार करायचो. बाबांनी तो पायाखाली दाबला आणि त्यावर करवत धरली.

आई किंचाळलीच. "अहो, काय करताय! दसऱ्याला पुजायचं काय?"

"पोरीची गाडी पूज," बाबा म्हणाले. करवत थांबली नाही.

मी मात्र टाळ्या पिटत होते.

"आई, बरं वाटत नाही का?" जावयाने विचारलं. मी रॅम्पखाली लावायचा टेकू हातात धरून बसले होते. अख्खी चाळ गिरणीच्या भोंग्याकडे कान लावून बसली होती, बाबाही सगळ्यांना म्हणायचे, "होईल सुरू." आणि त्याच दिवसांत त्यांनी धोटा कापला होता.