लेव्हलकाकांची गोधडी

लेव्हलकाका कुणाच्याही घरी चहाला गेले की आधी खिशातून गवंड्याची वीतभर पिवळी लेव्हल काढायचे आणि टीपॉयवर ठेवायचे. नळीतला बुडबुडा मधोमध आला तर बसायचे. नाही आला तर टीपॉयच्या पायाखाली कागदाची घडी सरकवायचे आणि मगच म्हणायचे, "हं, आता आणा चहा." आमच्या इंदिरा नगरच्या ब्लॉकमध्ये काकांच्या कागदाशिवाय उभा असलेला एक टीपॉय दाखवा म्हटलं तर दाखवता आला नसता. माझी आई म्हणायची, "हा माणूस पाळण्यातसुद्धा लेव्हल लावूनच झोपला असेल."

काका मूळचे वर्ध्याकडचे. सरकारी इमारती बांधणाऱ्या एका खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होऊन लखनौला आले आणि रिटायर होऊनही इथेच राहिले. रविवारी विकास नगरच्या विहारात वंदनेला सगळी मराठी घरं जमायची, तिथे 'जय भीम' घालून झाला की काकांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "या चटया तिरप्या कोणी घातल्या?" दहावीला त्यांनी मला भूमिती शिकवली. शिकवली म्हणजे काय, वहीची पानं फाडली. "जवळजवळ सरळ असं काही नसतं पोरी. सरळ नाही तं वाकडी." मी मुसमुसायला लागले की पान चुरगळून टाकायचे आणि संत्रं सोलून पुढे करायचे. शिरासुद्धा काढून. त्यांच्यावर फार वेळ रागावता यायचं नाही, ही एक मोठी अडचण होती.

काकू याच्या बरोबर उलट. त्यांना तुकडे जोडायचा नाद. कोणाच्या घरी जुना फ्रॉक दिसला, विकास नगरच्या टेलरकडे चिकनकारी कापडाची कात्रणं दिसली, की काकूंची पिशवी पुढे. दुपारभर हातानं चौकोनाला चौकोन जोडत बसायच्या. गोधडीचा वरचा थर तयार झाला की मात्र त्यांचा जीव त्यातून उडायचा. खाली जुन्या साड्या आणि अस्तर घालून सगळं एकत्र शिवायचं राहूनच जायचं. घडी करून ट्रंकेत टाकायच्या आणि नवी सुरू. "जोडताना मजा येते ना, पुरी करताना पाठ मोडते," हे त्यांचं स्पष्टीकरण. असे सात थर ट्रंकेत होते. सातही थरांना नावं होती. हिरव्या काठाची, चिकनची, रश्मीच्या सलवारींची... रश्मी म्हणजे त्यांची लेक, नागपूरला दिलेली. एक होती 'फ्रॉकची'. तिच्या मधोमध माझा पाचवीतला लाल फ्रॉक होता, म्हणून ती माझी लाडकी.

मग काकूंचे डोळे गेले. म्हणजे जायला लागले. शुगर जुनी होती, पडद्यापर्यंत पोचली. डॉक्टरनं सगळं करून पाहिलं आणि शेवटी सांगितलं, "नजर किती दिवस टिकेल सांगता येत नाही. जे पाहायचंय ते पाहून घ्या." लोक अशा वेळी ताजमहाल म्हणतात, नातवंडं म्हणतात. काकूंनी घरी येऊन ट्रंक उघडली. "मले या गोधड्या पुऱ्या झालेल्या पाहायच्या आहेत. सातही नाही झाल्या तं एक तरी. उन्हात पसरून." काका ताडकन म्हणाले, "एक कायले? सातही करतो."

पहिल्यांदा आम्ही गल्लीत येणाऱ्या रजईवाल्याला बोलावलं. त्यानं काकूंचं काम हातावर घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि मान हलवली. "बाबूजी, मैडम ने इतनी मेहनत से जोड़ा है. हमारा मोटा सूजा चलेगा तो छेद हो जाएँगे. रूई भरवानी हो तो कोई दूसरा कपड़ा लाइए." भला माणूस. रश्मीला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, मैं ऑनलाइन कम्फर्टर भेज देती हूँ ना, क्यों परेशान हो रहे हो?" काकांनी फोन ठेवून दिला.

पुढची आग मी लावली, हे कबूल करते. ऑफिसातून येता येता त्यांच्याकडे डोकावले आणि मोबाइलवर परदेशातल्या एका बाईंचा व्हिडिओ दाखवला. हॉलएवढी लोखंडी चौकट, त्यावर ताणलेली गोधडी, आणि लांब मानेचं मशीन वरून इकडून तिकडे धावतंय. लाँगआर्म म्हणतात त्याला. ओळी अशा की वहीत आखाव्यात. काकांनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. "ही तं क्रेन आहे! अशी रेघ पाहिजे." मी म्हटलं, "काका, ते मशीन आपल्याकडे कुठून येणार?" ते म्हणाले, "क्रेन नव्हती तेव्हा काय इमारती बांधल्या नाही लोकांनी?"

आणि काकूंचं जुनं पायमशीन खोलीच्या मध्ये आलं. त्या मशीनच्या सुईपासून खांबापर्यंत जागा वीतभर, आणि त्यातून डबलबेडची गोधडी काढायची! काकांनी दोन्ही बाजूंनी गोधडीच्या वळकट्या केल्या. वळकट्या सुटू नयेत म्हणून सायकल चालवताना पँटच्या पायाला लावायच्या क्लिपा लावल्या. गोधडीच्या वजनानं टाका ओढला जाऊ नये म्हणून मशीनच्या डावीकडे जेवणाचं टेबल आणि मागे खाट लावली, दोन्हीखाली विटा घालून मशीनच्या पातळीला आणली. अर्थात लेव्हल ठेवून. रेघा आखायला गवंड्याची दोरी. खडूच्या भुकटीत घोळवायची, मी एक टोक धरायचं, त्यांनी दुसरं, आणि मधून उचलून फट्कन सोडायची. गोधडीवर पांढरी रेघ उमटायची. काकू खुर्चीत बसून हसायच्या. "माझ्या गोधडीवर मजला चढवून राहिले बाप्पा!"

पहिली धरली ती फ्रॉकची. काकांची आई गावाकडे हातानं गोधडी शिवायची ती कडेकडेनं, फिरत फिरत मध्यापर्यंत. काकांनी मशीनवरही तसंच केलं आणि तिथेच फसले. मशीन कापड पुढे ढकलतं. सगळा झोल चहूकडून सरकत मध्ये जमा झाला. माझा लाल फ्रॉक पुरीसारखा टम्म फुगला. काकांना ते दिसेना, कारण रेघा सरळ होत्या. काकूंनी फक्त तळहात फिरवला. "अहो, हिच्या पोटात हवा भरली ना." काकांनीही हात लावून पाहिला. दुसऱ्या दिवसापासून सगळी गोधडी उसवायला घेतली. मग मधून बाहेर, मधून बाहेर, अशी नव्यानं सुरू केली. इथपर्यंत ठीक होतं. चूक होती, सुधारली.

पण पुढचं उसवणं चुकीसाठी नव्हतं. एखादी ओळ सुतभर सरकली की काका ब्लेड घ्यायचे. जानेवारीतलं ते धुकं, दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागायची, आणि काका भिंग धरून टाके उसवताहेत. आज तीन ओळी घातल्या, उद्या दोन उसवल्या. काकू आता चहाचा कप चाचपून उचलायला लागल्या होत्या. एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "मी काय म्हणते, थोडी वाकडी राहिली तं राहिली. मले दिसते तोवर होऊ द्या ना." काका मान वर न करता म्हणाले, "होते ना. करूनच राहिलो ना मी. तुलेच पाहायची आहे, मग वाकडी कशी देऊ?"

मला राग आला. जिन्यात गाठून मी त्यांना बोललेही, "काका, पान फाडायची ही वेळ आहे का? त्यांचे दिसायचे दिवस मोजके आहेत." ते म्हणाले, "म्हणूनच तं. तिनं एकच पाहिली, तं ती चांगली नको का?" मी घरी येऊन आईवर चिडचिड केली.

होळीच्या आधीच्या रविवारी गोधडी झाली. अस्तर चार बोटं मोठं कापलं होतं, ते पुढे दुमडून काठही झाला. काकांनी खाट गच्चीवर नेऊन गोधडी उन्हात पसरली आणि आम्हा सगळ्यांना हाक मारली. खोटं कशाला बोलू, तशी गोधडी मी दुसरी पाहिली नाही. एकेक ओळ अशी, की परदेशातल्या त्या बाईंनी येऊन पाया पडावं. काकांनी काकूंना हाताला धरून समोर उभं केलं. काकू बराच वेळ बघत राहिल्या. तोंडावर हसू होतं. मग खाली वाकून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लय छान झाली हो. ही कोणती? हिरव्या काठाची का?"

मधोमध माझा लाल फ्रॉक होता, चांगला दोन हात रुंद. भर उन्हात.

काका "हो" म्हणाले. पहिल्यांदा आणि शेवटचं, मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं. काकूंना कळायचं ते कळलंच असणार, कारण त्यांनी काकांच्या दंडावर थोपटलं आणि म्हणाल्या, "ऊन लागते, चला खाली." मी मात्र पाण्याच्या टाकीमागे जाऊन पोटभर रडून घेतलं.

मशीनवर झाकण पडलं. काका नुसते खुर्चीत बसून असायचे. टीपॉय डुगडुगला तरी उठायचे नाहीत, म्हणजे बघा. असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. एका संध्याकाळी मी गेले तर काकूंनीच ट्रंक उघडली होती. चिकनची गोधडी जमिनीवर पसरली होती आणि खाली जुन्या साड्यांचा थर, त्याखाली अस्तर, सगळं चाचपून चाचपून बसवलं होतं. "सुषमा, सुई ओवून दे. जाड दोरा घे." मी ओवून दिली. काकूंनी बोटानं शिवण शोधली, चार चौकोन जिथे मिळतात तिथे थांबल्या, सुई खाली घातली, वर काढली आणि पक्की गाठ मारली. "आमच्या मायजवळ मशीन कुठली? आणि शिवत बसायले टाइम कुठला? चार तुकडे भेटले की मारली गाठ. याले कायचे डोळे लागतात!"

काका दारातून पाहत होते. थोड्या वेळानं आत आले, खाली मांडी घालून बसले आणि दुसरी सुई ओवायला घेतली. त्या दिवसापासून काकूंनी गाठी मारायच्या आणि काकांनी सुया ओवायच्या. दोऱ्याचे तुकडे मात्र पट्टीनं मोजून कापायचे, सगळे सारखे. "अहो, गाठ मारल्यावर कापूनच टाकायचे आहेत ना ते?" काकू ओरडायच्या. "असू दे," काका म्हणायचे. गाठी वाकड्यातिकड्या पडत. काकूंचा हात कधी शिवणीच्या अल्याड, कधी पल्याड. काका पाहायचे आणि पुढची सुई हातात द्यायचे. ब्लेड मी पुन्हा त्यांच्या हातात पाहिलं नाही. पुढच्या थंडीपर्यंत सहाच्या सहा झाल्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती दोघं लखनौ सोडून रश्मीकडे निघाली. दोघांनाच आता झेपत नव्हतं. सामान बांधताना काकांनी मला बोलावलं आणि फ्रॉकची गोधडी माझ्या हातात ठेवली. "ही तू घेऊन जा." मी म्हटलं, "अहो काका, ही तर तुमची! एवढी मेहनत, एक चूक नाही हिच्यात." काका म्हणाले, "चूक नाही म्हणूनच. उघडली की मले दिसते, त्यातल्या कोणत्या ओळी मी दुसऱ्यांदा घातल्या. तिचे दिवस होते ते पोरी. मले नाही पाहवत." मग नेहमीसारखं संत्रं द्यायला खिसे चाचपले. मे महिना होता, संत्रं कुठलं! तसेच उभे राहिले. मी पाया पडले.

मागच्या वर्षी नागपूरला काका वारले. रजा मिळेना, मला जाता आलं नाही, याची खंत आहे आणि राहील.

या डिसेंबरात काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, शुगर झाली, रश्मीची तक्रार झाली. मग म्हणाल्या, "सुषमा, फ्रॉकची आहे ना गं तुझ्यापाशी? पाठवून दे मले." मी म्हटलं, "काकू, काकांनीच ती दिली होती. त्यांना ती घरात..."

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "त्यांले पाहवत नव्हती. मले कुठं दिसते? बाकीच्या सहा माझ्या हातच्या आहेत पोरी. त्यांच्या हातची ती एकलीच. रात्री हात फिरवला तं रेघा लागतीन ना बोटाले. पाठव, थंडी पडून राहिली."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशिरा येते म्हणून सांगितलं आणि गोधडी कापडात शिवून पोस्टात देऊन आले.