पाणथरी ओळखणाऱ्या सिस्टरबाई

"बोट ठेवा." दुखणं घेऊन कुणीही दारात आलं की सिस्टरबाई आधी एवढंच म्हणायच्या. समोरचा म्हणे, सगळं अंग दुखतंय. मग त्या चष्मा कपाळावर चढवायच्या. "सगळं अंग कुनाचंच दुखत न्हाई. एक बोट ठेवा." आणि मोठमोठ्या मिशांची माणसंसुद्धा तर्जनी काढून आपल्याच पोटावर नेमकी जागा शोधत बसायची.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या त्या नर्स. पाटोद्यात आमच्याच गल्लीत राहायच्या. लोक डॉक्टरकडे जाण्याआधी जिच्याकडे जातात आणि डॉक्टरकडून आल्यावर पुन्हा जिला विचारतात, अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. तशा त्या होत्या.

मी शाळामास्तर. गावात एसटीडी बूथ उघडले, रंगीत टीव्ही आले, त्या सुमारास माझ्या मानेत गाठ आली. पुण्याला तपासलं तर कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी तिथं जाऊन सलाईनमधून औषध घ्यायचं. त्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटायच्या. पेशी घटल्या की साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो, म्हणून त्या वाढवायचं इंजेक्शन पुढं काही दिवस रोज टोचून घ्यायचं. ते मी बर्फाच्या डब्यातून गावी आणलं आणि कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवलं.

"हे औषिद म्या कधी पाह्यलेलं न्हाई," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. "आतला कागद वाचा. काय काय तरास हुतो, त्यो सगळा सांगा."

कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. मी वाचून मराठीत सांगत गेलो. हाडं दुखतात, बारीक ताप येऊ शकतो, टोचल्या जागी लाल होतं. बाईंनी वहीत उतरवून घेतलं. पुण्याच्या डॉक्टरांचा फोन नंबरही वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. मग पोटाची कातडी चिमटीत धरून इतक्या हलक्या हातानं सुई दिली की, "झालं का?" असं मीच विचारलं.

तिसऱ्या दिवशी हाडं बोलायला लागली. कंबर, मांड्या, छातीचं मधलं हाड. आतून कुणी ठोके देतंय असं वाटायचं. मी कण्हत होतो आणि बाई मात्र खुशीत.

"हाडातच पेशी बनत्यात ना? मग बॉयलर पेटलाय म्हना की, गुर्जी!"

"बाई, लई दुखतंय हो."

"दुखू द्या. गार पडला आस्ता तर म्या घाबरले आस्ते."

पण दुखण्याची गोळी कधी लगेच द्यायच्या नाहीत. आधी थर्मामीटर. "गोळी तापाला झाकती. ताप झाकला तर आपन फसलो." ताप नसल्याची खात्री झाली की मगच गोळी हातावर ठेवायच्या.

दोन खेपा अशाच पार पडल्या. तिसऱ्या खेपेच्या सहाव्या दिवशी बाई आल्या तेव्हा मी चहा पीत होतो. त्या सुईची तयारी करता करता थांबल्या.

"डावरे हाव ना तुमी? कप उजव्या हातात कावून?"

"खांदा जरा धरलाय."

"बोट ठेवा."

मी डाव्या खांद्याच्या टोकावर बोट ठेवलं. बाईंनी मला आडवं केलं, डाव्या बरगडीखाली हात ठेवला आणि श्वास घ्यायला लावला. मी कळवळलो. त्यांनी सुई परत डब्यात ठेवून दिली.

"आज सुई न्हाई. पानथरी वाढलीय."

पाणथरी म्हणजे डाव्या बरगडीखालची प्लीहा; ती फुगली की कळ डाव्या खांद्यात निघते. मी वाद घातला. एकही दिवस चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पेशी पडल्या तर?

"हिवतापाच्या साथीत म्या हजारानं पोटं चाचपलीत. फुगलेली पानथरी फुटली तर मानूस हातचं जातंय. पेशींचं मागून बगू."

पुण्याला फोन लावून त्यांनी डॉक्टरांकडून होकार घेतला आणि जीप सांगितली. बीडपर्यंत त्या माझ्या पाठीला हाताचा आधार देऊन शेजारी बसल्या. खड्डा आला की ड्रायव्हरवर खेकसायच्या, "बे, बैलगाडी समजून हाक!" मांजरसुंब्याच्या पुढं मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बाई, त्या कागदात खाली पाणथरीचं लिहिलं होतं. क्वचितच होतं असं म्हटलं होतं, म्हणून मी तुम्हाला वाचून दाखवलं नाही. खरं सांगायचं तर भ्यालो होतो."

"मास्तर हाव ना? पोरान्ला बी आर्धाच धडा शिकवताव का?" बाई एवढंच बोलल्या. हात मात्र माझ्या पाठीवरून काढला नाही.

बीडला सोनोग्राफीत पाणथरी चांगलीच वाढलेली दिसली. फुटलेली नव्हती. इंजेक्शन बंद झालं, मला अंथरुणावर पडून राहायला सांगितलं. पेशी आपल्या आपण वर आल्या, तरी त्या आठवड्यात बाईंनी माझ्या खोलीत कुणाला फिरकू दिलं नाही. भेटायला आलेल्या हेडमास्तरांनाही त्यांनी खिडकीतूनच बोलायला लावलं. उरलेले उपचार डॉक्टरांनी बेतानं पार पाडले. मी बरा झालो आणि पुढं निवृत्तीपर्यंत शिकवलं.

कालांतरानं बाई आष्टीला लेकीकडे राहायला गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांची दृष्टी पार गेली होती. शेजारच्या बाजेवर एक म्हातारी बसली होती, तिला त्या सांगत होत्या, "पाटोद्याला एक मास्तर होता. लई भेकड. पर पोरं शिकवायला जगायला पायजे होता, म्हनून म्या बी हट्टाला पेटले."

मी पुढं होऊन पायाला हात लावला. नाव मात्र सांगितलं नाही.

"कोन हाय?" त्यांनी माझा हात चाचपला. "घरात कुनी आजारी हाय का?"

"न्हाई बाई. समदे बरे हायत."

"मग बसा निवांत," त्या म्हणाल्या आणि अंगावरची चादर आवरून मला जागा करून दिली. त्या म्हातारीला मास्तरची राहिलेली गोष्ट सांगू लागल्या. पंधरा दिवसांनी बाई वारल्या. भेटीच्या त्या दुपारी मात्र मी शेवटच्या एसटीपर्यंत त्यांच्या पायाशी बसून ती सगळी गोष्ट ऐकली.