पत्ता कुणाला विचारायचा

इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात तक्रारींचा फोन घेणाऱ्या बाईंना आम्ही कटकटमावशी म्हणायचो. फोन उचलला की सुरू, "आधी बंद करा, मग चालू करा, मग माझं डोकं खा." म्हातारा असो की कॉलेजकुमार, सगळ्यांना एकच मात्रा. मलाही त्या कधी आवडल्या नाहीत, खोटं कशाला बोलू.

तेव्हा मी घर सोडायच्या तयारीत होते. नवऱ्याने माझं शिवणकाम बंद पाडलं होतं, वर हातही उचलायला लागला होता. कर्तृत्व काय, तर तेवढंच. मी दुसऱ्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात नोकरी आणि राहायला जागा शोधत होते. त्याला सुगावा लागला असता तर माझी धडगत नव्हती. म्हणून इंटरनेटवर आपण काय बघतो ते झाकणारं व्हीपीएन पदरमोड करून घेतलं नि निर्धास्त झाले.

एका दुपारी मावशींचा फोन आला. "तुमची तक्रार होती."

"मी कुठे केली?"

"केलीत. एकट्याच आहात ना?" त्यांचा आवाज खाली आला. "तुमच्या घरून कुठल्या साइटची चौकशी होते ते आमच्या पडद्यावर दिसतंय. कारखाना, महिलांचं वसतिगृह. आणि तुमचे हे रोज संध्याकाळी आमच्या मालकाबरोबर इथेच चहाला असतात."

"पण व्हीपीएन चालू आहे, मावशी."

"आहे हो. काळ्या काचांच्या गाडीतून निघालात, पण पत्ता आमच्याच दारात विचारताय. साइटचं नाव दिलं की तिचा पत्ता डीएनएस सांगतो. कनेक्शन जोडताना आमच्या माणसाने तुमच्या कॉम्प्युटरवर आमचाच डीएनएस टाकून ठेवलाय. तो काढा. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये त्यांचा स्वतःचा डीएनएस असतो, तो चालू करा. नसला तर सगळ्यांसाठी खुले असलेले डीएनएस आहेत, त्यातला एक टाका. पण चौकशी व्हीपीएनच्या आतूनच गेली पाहिजे."

"मग कुणालाच कळणार नाही?"

"पत्ता कुणाला तरी विचारावाच लागतो, बाई. तो माणूस तुमच्या नवऱ्याबरोबर चहा पिणारा नसला म्हणजे झालं."

सांगितलं तसं केलं. दुसऱ्या दिवशी मावशींनी कळवलं, आता तुमच्याकडचं काही दिसत नाही. जुनी नावं पुसली जायला थोडा वेळ लागतो म्हणे, तोवर त्यांनी पडदा बिघडलाय म्हणून जाहीर करून टाकलं. मालक चरफडला, पण दुरुस्तीचा माणूस बोलावणंही मावशींच्याच हातात होतं. त्यांना कुठली घाई.

आज मी त्या कारखान्यात शिवणकाम करते. माझी खोली लहान आहे, पण दाराची किल्ली माझ्याकडे असते आणि मला गाढ झोप लागते. पहिला पगार झाला तेव्हा मावशींना फोन केला. म्हटलं, मालकाला कळलं असतं तर तुमची नोकरी गेली असती. एवढं कशाला केलंत माझ्यासाठी?

त्या म्हणाल्या, "माझ्या वेळीही आजूबाजूला सगळ्यांना दिसत होतं गं. एकानेही फोन केला नाही."