हद्दीपुरती बाळंतीण

नव्वदच्या दशकात सरकारी नर्स म्हणून मी आगाशीजवळच्या पाड्यांवर बाळंतिणींच्या घरी जायची. पिशवीत झोळीचा वजनकाटा, लोहाच्या गोळ्या आणि उपदेश. गोळ्या महिन्याच्या सुरुवातीलाच संपायच्या, उपदेश मात्र काही केल्या संपायचा नाही.

अशाच एका घरी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, अगदी मूठभर. आजीचा सगळा जीव नातीत. अंघोळ झाली की शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून ती बाळाला धुरी द्यायची. बाळ खोकायचं.

"आजी, धूर हिच्या छातीत जातो," मी म्हटलं.

"बाय, माझी सगळी पोरं या धुरीवरच वाढली."

ती दणकट पोरं ओट्यावर चहा पीत बसली होती. त्यांच्यापुढे माझं काय चालणार? मी भांडभांड भांडले. मग मी जायच्या दिवशी शेगडी विझलेली असायची, पण घरभर वास असायचाच.

सवा महिना झाला आणि चिंचोटीकडून सासरची माणसं रिक्षा घेऊन न्यायला आली. मी वजन करायला पोचले तेव्हा लेकीची ओटी भरून झाली होती. बाळाची कुंची सोडून पाहिलं, तर श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"आज दिस चांगला हाय," सासू म्हणाली. "लेकराचे पाय घराला लागू दे. उद्या पयलं दाखवतो."

मी सगळ्यांना तो खड्डा दाखवला. सगळ्यांनी वाकून पाहिला. बाळ रडत नव्हतं, म्हणून ते बरंच आहे असं सगळ्यांचं मत पडलं. मी संतापून काटा पिशवीत कोंबला.

रिक्षात बसताना लेकीने विचारलं, "बाई, तुमी तिकडं याल ना?"

चिंचोटी माझ्या हद्दीत नव्हती. तिथल्या नर्सची जागा कधीची रिकामी होती. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तिकडे निरोप पाठवतो." दुसऱ्या दिवशी रजा टाकून, एसटी बदलत मीच गेले. अंगणात बायका डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या, ओट्यावर बाळाची कुंची रिकामी पडली होती.

सासू उठून पुढे आली. "बाय, आताच नेनार होतो," ती म्हणाली. "रिक्षा पन सांगितली होती."

पुढे दोनेक वर्षांनी त्याच माहेरघरी तीच लेक पुन्हा पोटुशी भेटली. कितवं बाळंतपण, हा रोजचा प्रश्न, पण वहीतला तो रकाना सोडून मी पुढचेच भरत राहिले.

"पहिलंच लिहा बाई," तीच म्हणाली.

मी काटा उगीचच पुसत बसले. मग विचारलं, "या खेपेला जरा जास्त राहशील ना गं?"

तिने आत आईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सवा महिना झाला की न्यायला येतील."